महाडचं तळं आणि महाडची कचेरी

महाडाला भर रस्त्यात दोनदा रक्त सांडलं. एकदा २० मार्च १९२७ ला, दुसऱ्यांदा १० सप्टेंबर १९४२ ला. दोन्ही जागा एकाच गावातल्या. पहिल्या जागेला आपण दरवर्षी हजारोंनी, लाखांनी जातो. दुसऱ्या जागेकडे आपली पावलं वळत नाहीत. तिथे गावातली माणसं जातात, फुलं वाहतात, पाच नावं वाचतात.

आमच्या अभ्यासवर्गात याच्यावरून भांडण पेटलं. एक जण म्हणाला, "ते बेचाळीस त्यांचं. आपल्याला काय त्याचं?" दुसरा म्हणाला, "मग बाहेर कुणी विचारलं की बेचाळीसला तुमचे बाबासाहेब कुठे होते, तेव्हा खाली मान का घालतोस?" वर्ग तिथेच मोडला. चहासुद्धा झाला नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी हरिहरेश्वरचा. सावित्री महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूर मागे टाकते, महाडाला वळसा घालते आणि बाणकोटच्या खाडीतून आमच्या गावापाशी समुद्राला मिळते. महाडचं पाणी शेवटी आमच्याकडंच येतं. आमच्या गावाला दक्षिण काशी म्हणतात. भाविक येतो, देवळाला प्रदक्षिणा घालतो, पाण्यात डुबकी मारतो, पवित्र होऊन घरी जातो. वरच्या अंगाला त्या पाण्यात कोण कोण उतरलं हे तो विचारत नाही. नदीला विटाळ नाही, तळ्याला होता! १९२७ च्या डिसेंबरात मुंबईहून पद्मावती बोटीने निघालेले बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही याच खाडीतून दासगाव बंदराला गेले. एवढं सगळं आमच्या नाकासमोरून गेलं, आणि गावातल्या पाटीवर त्याची एक ओळ नाही.

तेव्हा आमचा श्रीवर्धनचा मुलूख जंजिऱ्याच्या नवाबाचा, महाड इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यातलं. नवाबाचं राज्य १९४८ ला विलीन झालं, आणि १ जानेवारी १९८१ ला कुलाब्याचं रायगड झालं. जुनी माणसं अजून कुलाबाच म्हणतात.

आता लढाईचं बोलू. कारण महाडच्या दोन्ही रक्तांना लढाईचा वास आहे.

कोकणातला महार पिढ्यान् पिढ्या पलटणीत होता. महाड आणि खाडीपलीकडचं दापोली हा पट्टा म्हणजे पेन्शनर सुभेदार-हवालदारांचा पट्टा. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे पलटणीतून निवृत्त झालेले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं. पुढे इंग्रजांना एकाएकी शोध लागला की महार लढाऊ जातीचा नाही. भरती बंद! १८९४ साली वलंगकरांनी लष्कराच्या वरिष्ठांकडे अर्ज केला की बाबांनो, तुमच्या लढाया आम्ही लढलो, आता आम्हाला दार का बंद? अर्ज पडून राहिला. मग पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडायला लागली, आणि १९१७ साली महार पुन्हा लढाऊ झाला. १११ वी महार पलटण उभी राहिली. लढाई संपली, १९२१ साली पलटण मोडली. गरज सरो आणि महार मरो.

परत आलेला माणूस पहिल्यासारखा राहत नाही. त्याने बूट घातलेले असतात. सगळ्यांच्या पंगतीत जेवलेला असतो. त्याला बंदूक साफ करता येते, सही करता येते. तो गावात येतो आणि गावचा पोऱ्या त्याला सांगतो, लांब हो, सावली पडते. महाडच्या परिषदेचं बळ कुठून आलं असं विचाराल तर एक उत्तर या पेन्शनरांत आहे. १९ मार्च १९२७ ला परिषदेच्या अध्यक्षपदावरून बाबासाहेब बोलले त्यातसुद्धा हा पलटणीचा विषय आहे. पलटण होती तेव्हा हा समाज कुठे होता, भरती बंद झाल्यावर कुठे आला, हे त्यांनी सुभेदाराचा मुलगा म्हणून मांडलं. त्याच वर्षीच्या १ जानेवारीला ते कोरेगावच्या रणस्तंभापुढे उभे होते. जानेवारीत स्तंभ, मार्चमध्ये तळं. हा धागा मला योगायोग वाटत नाही.

तळ्याची हकीकत तुम्हाला पाठ आहे, म्हणून पळत पळत सांगतो. १९२३ साली सीताराम केशव बोल्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला की सरकारी पैशाने बांधलेले, चालवलेले पाणवठे सगळ्यांना खुले. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळं खुलं केलं. कागदावर. तीन वर्षं एक ओंजळ कुणी भरली नाही, कारण कागद ओला होत नसतो. २० मार्चला बाबासाहेब पुढे आणि परिषद मागे, अशी सगळी तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. माणसं शांतपणे मांडवाकडे परतली. मग गावात आवई उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार.

इथं जरा थांबा. त्या दिवशी मारलं कुणी? इंग्रजाच्या पोलिसाने नाही. गावच्या माणसाने. हातात काठ्या घेऊन टोळी मांडवात शिरली. लोक जेवत होते. अन्न मातीत गेलं, भांडी फुटली, बायापोरांनासुद्धा सोडलं नाही. गल्लीत एकटादुकटा सापडेल तो झोडला. वीसेक जण चांगले जखमी झाले. महाडच्या मुसलमानांनी दारं उघडली म्हणून कित्येक वाचले. हे आपण भाषणात विसरतो, विसरू नये. डिसेंबरच्या सत्याग्रहाला सगळ्या गावाने जागा नाकारली तेव्हा मांडवाला जमीन दिली तीही फत्तेखान नावाच्या मुसलमानाने. त्याच मांडवापुढे २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जातीने ब्राह्मण.

मार्चमध्ये परिषदेतल्या आपल्या माणसांत पलटणी पेन्शनर होते. लढाई बघितलेले लोक. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची माणसं मार खात होती. बाबासाहेबांनी सांगितलं हात उचलायचा नाही, आणि त्यांनी उचलला नाही. ज्यांना मारण्याची तालीम होती त्यांनी मार सोसला. ह्याला कुठलं पदक आहे?

तळं मात्र बाटलं होतं. मग एकशे आठ घागरी पंचगव्य ओतून, मंत्र म्हणून, गाईच्या शेणामुताने ते शुद्ध केलं! ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात गावातले सनातनी कोर्टात गेले. दावा बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर. दावा दहा वर्षं चालला. महाडच्या कोर्टाचा निकाल १९३१ ला, ठाण्याच्या अपिलाचा १९३३ ला, आणि मुंबई हायकोर्टाचा १७ मार्च १९३७ ला. तीनही ठिकाणी सनातनी हरले. अनादि काळापासून चालत आलेली वहिवाट आहे, हे त्यांना सिद्ध करता आलं नाही. हायकोर्टात निकाल देणाऱ्या दोघांत एक होते न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. हे तेच ब्रूमफील्ड, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादला राजद्रोहाच्या खटल्यात गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. शाळेच्या पुस्तकात त्यांचा पहिला निकाल आहे. दुसरा नाही. एका गोऱ्या जज्जाचे दोन निकाल, आणि देशाला आठवण एकाची!

१९४० च्या मार्चमध्ये महाडला सत्याग्रहाच्या आठवणीचा मेळावा झाला. बाबासाहेब आले आणि महाडच्या नगरपालिकेने त्यांना मानपत्र दिलं. तेरा वर्षांत एवढं झालं. गाव बदलत असतं, अगदीच दगड नसतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

कारण त्यानंतर अडीच वर्षांनी त्याच गावात गोळी चालली.

दुसरं महायुद्ध सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेलं. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद. मुंबई इलाख्यात तांदळाची टंचाई आली, भाव चढले. मनीऑर्डरवर जगणाऱ्या कोकणाला त्याची झळ घरातल्या मडक्यात दिसली. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला, ९ ला पुढारी तुरुंगात गेले. मग ठिकठिकाणी लोकांनी आपापलं ठरवलं. विदर्भात चिमूर-आष्टीला १६ ऑगस्टला गोळीबार आणि रक्तपात झाला. सप्टेंबरात मोर्चे मामलेदार कचेऱ्यांवर जायला लागले. ९ सप्टेंबरला साताऱ्यात वडूजला गोळीबार. त्याच दिवशी खानदेशात नंदुरबारला शिरीषकुमार मेहता आणि त्याच्याबरोबरची पोरं भर चौकात पडली. मिसरूड न फुटलेली पोरं. १० ला इस्लामपूर. आणि १० लाच महाड.

महाडचा मोर्चा नाना पुरोहितांच्या पुढारपणाखाली निघाला आणि सरकारी कचेरीवर गेला. पोलिसांनी गोळीबार केला. कमलाकर दांडे, वसंत दाते, अर्जुन भोई, विठ्ठल बिरवाडकर, नथू टेकावला हे पाच जण गेले. नावं एकदा मोठ्याने वाचा. दांडे-दात्यांच्या शेजारी भोई हे नाव आहे. पालखी वाहणाऱ्यांचं, मासे धरणाऱ्यांचं हे नाव. "ते बेचाळीस त्यांचं" म्हणणाऱ्याने हे नाव कुठल्या खात्यात टाकायचं ते मला सांगावं. याच कुलाबा जिल्ह्यात माथेरानचे भाई कोतवाल होते. न्हाव्याच्या घरातला वकील. शेतकऱ्यांसाठी धान्यपेढी काढली, शाळा काढल्या, बेचाळीसला भूमिगत झाले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या रानात हिराजी पाटलांसह गोळीला बळी पडले. बेचाळीस सगळं पांढरपेशांचं, हे म्हणणं आळशी माणसाचं आहे.

पण मग आपला माणूस त्या कचेरीपुढे का दिसत नाही?

कचेरी म्हणजे काय होतं ते बघा. कचेरी म्हणजे सारा, खजिना, दप्तर, कोर्ट, कोठडी. कोकणात तिच्या सावलीत खोत. कुळाच्या घरातलं भात खोताच्या कोठारात गेलं की कचेरी म्हणायची, कायदेशीर. मोर्चा काढणाऱ्याला कचेरीवर तिरंगा लावायचा होता, कारण ती परक्या राजाची होती. आपल्या माणसाचं कचेरीशी नातं दुसरंच होतं. सांगावे पोचव, सरकारी माणसाचं ओझं वाहा, रात्री-अपरात्री हाक आली की पळ. आणि आवारात गेलं तर लांब उभं राहा. झेंडा कुठला का असेना, आत बसलेला कारकून तोच होता. १९३७ साली बाबासाहेबांनी खोती मोडण्याचं विधेयक मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईला कौन्सिल हॉलवर नेला. काँग्रेसचं मंत्रिमंडळ होतं. विधेयक पास झालं नाही. खोती मोडायचा कायदा यायला १९४९ उजाडावं लागलं. तेव्हा १९४२ साली वाडीतल्या माणसाने "ह्या झेंड्याने आमचं भात घरात राहणार का?" असं विचारलं तर तो देशद्रोह नव्हता. अनुभव होता.

आता तो प्रश्न. बेचाळीसला बाबासाहेब कुठे होते?

उत्तर तारखेनिशी द्या, मान वर करून द्या. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं आणि त्याच महिन्यात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं हाती घेतलं. ७ ऑगस्टला दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली मजूर, मालक आणि सरकार अशी तिघांची परिषद भरली. दुसऱ्या दिवशी गवालिया टँक. म्हणजे महाडात गोळी चालली तेव्हा ज्या सरकारचे ते पोलीस, त्या सरकारच्या मंडळात बाबासाहेब होते. हे लपवायचं कारण नाही. त्यांनी स्वतः लपवलं नाही. नाझी आणि जपानी जिंकले तर इथल्या दलिताचं, मजुराचं काय होईल याचा हिशेब त्यांनी उघड मांडला होता. त्याआधी वर्षभर ते राष्ट्रीय संरक्षण मंडळावर होते. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ घेऊन. १९२१ ला मोडलेली पलटण वीस वर्षांनी परत आली.

म्हणजे बघा, एकाच तालुक्यातली दोन पोरं. एक कचेरीवर मोर्चात जातो, दुसरा भरतीच्या रांगेत उभा राहतो. दोघांच्याही घरात तांदूळ नाही. पहिला म्हणतो इंग्रज जाऊ दे, मग बघू. दुसरा म्हणतो, आधी माझ्या पायात बूट येऊ दे. पहिल्याला वेडा म्हणायची माझी हिंमत नाही, कारण तो गोळी खाऊन पडला. दुसऱ्याला गद्दार म्हणणाऱ्याने आधी आपल्या आजाला विचारावं की २० मार्चला तू काठी घेऊन कुठल्या गल्लीत होतास.

आणि तिसरा एक होता. रामचंद्र बाबाजी मोरे. महाडच्याच मुलखातला, १९२७ च्या परिषदेमागचा खटपट्या. तो पुढे कम्युनिस्ट झाला. १९४२ साली त्याच्या पक्षाची भूमिका होती की हे लोकयुद्ध आहे, फॅसिस्टांना हरवणं पहिलं, म्हणून ‘चले जाव’ला पाठिंबा नाही. तेव्हा बेचाळीसच्या बाहेर राहणारे फक्त आंबेडकरवादी होते असंही नाही. आमच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा दोन्ही बाजूंची तोंडं गप्प झाली. मला बरं वाटलं.

स्वातंत्र्य आलं. १९७२ साली, पंचवीस वर्षं झाली म्हणून, सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले, पेन्शन सुरू केली. इंग्रजाविरुद्ध तुरुंगात गेला, लाठी खाल्ली, त्याला मिळालं. चांगलं झालं. चवदार तळ्यावर डोकं फुटलेल्याला नाही मिळालं. त्याला मारणारा इंग्रज नव्हता ना! जखम कुणी केली त्याच्यावर तिची किंमत. ऐंशीच्या सुरुवातीला बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री झाले, सावित्रीकाठच्या आंबेतचे, म्हणजे आमच्याच खाडीचे. त्यांच्या काळात राज्यभर दोनशेच्या आसपास हुतात्मा स्मारकं बांधायचं ठरलं. तळ्याच्या बाजूची आपली आठवण मात्र आपण वर्गणीने, पायाने आणि घशाने जिवंत ठेवली. आता तळ्यात बाबासाहेबांचा पुतळा आहे, मनुस्मृती जाळली तिथे क्रांतिस्तंभ आहे, सरकारने बांधलेलं राष्ट्रीय स्मारकही आहे. पण त्याच्या आधी कित्येक वर्षं नुसती माणसं होती. एस.टी.च्या टपावर बसून, भाकरी बांधून येणारी.

मी १० सप्टेंबरला कचेरीकडे जाणार आहे. निळा झेंडा घेऊनच जाणार आहे. ज्याला यायचं त्याने यावं. तिथे पाच नावं वाचली जातील, ती मी उभं राहून ऐकणार. अर्जुन भोईला फूल वाहणार आणि कमलाकर दांड्यालाही वाहणार. गोळीने मेलेल्या माणसाला जात विचारायची सवय मनूची, ती आपण कशाला उचलायची? मग तिथे जमलेल्यांना एवढंच विचारणार की २० मार्चला मार खाल्लेल्या वीसेक जणांची नावं तुमच्यातल्या कुणाला येतात? मला भीती वाटते ती त्यांच्या उत्तराची नाही. आपल्यातल्या किती जणांना येतात, त्याची वाटते. बाबासाहेबांचं नाव येतं, मोऱ्यांचं येतं, सुरबा टिपणिसांचं, अनंतराव चित्र्यांचं येतं. ज्याच्या डोक्यातून रक्त निघालं त्याचं येत नाही. दाते-दांड्यांची नावं गावाने ऐंशी वर्षं सांभाळली. या बाबतीत गाव आपल्यापुढे आहे, हे मान्य करायला जड जातं.

आमच्या वाडीत एक म्हातारी होती. तिचा सासरा लढाईवरून आलेला. ती म्हणायची, "त्याच्या पेटीत दोन वस्तू व्हत्या. एक बिल्ला आनि एक फाटका सदरा. बिल्ला सायबाचा, सदरा म्हाडचा." सदऱ्यावर डाग होता म्हणे. पेटी पुराच्या पाण्यात गेली. सदरा गेला, बिल्लाही गेला.

तेव्हा काम असं. दासगाव, महाड, पोलादपूर, म्हसळा, श्रीवर्धन, खाडीपलीकडे मंडणगड, दापोली, या सगळ्या वाड्यांत जुन्या पेट्या उघडायच्या. पलटणीचा डिस्चार्ज कागद, पेन्शनचं पुस्तक, मेडल, परिषदेची वर्गणीची पावती, काही असेल ते बघायचं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचं आणि विचारायचं, आपल्यातलं कोण गेलं होतं म्हाडाला, कुणाला लागलं होतं, कुठल्या मुसलमानाच्या घरात लपले होते. नाव, गाव, बापाचं नाव, लागलं असेल तर कुठे लागलं, एवढं एका वहीत उतरवायचं. कागद मागून आणायचे नाहीत, बघून उतरवून परत द्यायचे. लोकांचा विश्वास एकदाच मिळतो. बेचाळीसचं कुणी सांगितलं तर तेही लिहायचं, कुठल्याही जातीच्या घरातलं असो. आणि ज्याचा आजा काठी घेऊन निघाला होता तो बोलायला तयार असेल, तर त्याचंही लिहायचं. त्याच्यापुढे मात्र वाद घालायचा नाही, नुसतं लिहायचं. वही पावसाळ्याच्या आत आणून द्या, कारण आमच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात खाडी वर चढायला लागते.